हत्तीच्या कानाची किनार

हत्तीच्या कानाला लाल किनार राहिली होती.

शनिवारची दुपार होती. मामंजी कुणाच्या तरी साखरपुड्याला म्हणून मिरजेला गेले होते. दुकानात मी एकटी, आणि समोर फळीवर चोवीस तुकड्यांचा हत्ती. मशीनवर कापून झालेला, पण घासायचा राहिलेला. मी कान उचलून उजेडात धरला. राखाडी कान, आणि खालच्या अंगाला सूतभर लाल-पिवळी पट्टी. ती पट्टी कानाची नव्हती, पाठीवरच्या झुलीची होती. मीच रंगवलेली झूल, मला नाही कळणार तर कुणाला? पातं रेघ सोडून झुलीत शिरलं होतं.

 पातं का भरकटलं, ते मला ठाऊक होतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कराडला मंडईच्या मागे आमचं दुकान होतं. माझे सासरे केरबा सुतार तिथे लाकडाची जोडचित्रं करायचे. गिऱ्हाईक त्याला जिगसॉ पझल म्हणायचं, मामंजींना तो शब्द कधी उच्चारता आला नाही आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. प्लायच्या फळीवर मी चित्र रंगवायची, मामंजी बारीक पात्याच्या मशीनवर त्याचे तुकडे कापायचे, ते मी पॉलिशपेपरनं घासून चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात द्यायची. दोन वर्षं हे चाललं होतं. त्याआधी मी सहा वर्षं फक्त स्वयंपाकघरात होते, आणि तिथे मला बरं वाटत नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही.

घासायला बसवलं त्या पहिल्याच दिवशी मामंजींनी नियम सांगितला होता. "पाठ घासायची, तोंड घासायचं. कडंची नुसती कूस मोडायची, पोरांच्या हाताला लागू नये म्हनून. कड घासायची न्हाई. ह्यात माया नसते."

माया हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. तासगावला माझी आई ब्लाऊज शिवायची. कापड बेतताना ती रेघेच्या बाहेर दोन बोटं कापड जास्त सोडायची, त्याला माया म्हणतात. बाई पुढे अंगानं भरली की शिवण उसवून तेवढं वाढवता येतं. "माया सोडावी गं," आई म्हणायची, "माणसाचा नेम नाही." तर लाकडात माया नसते हे ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, लाकडात नसेल एक वेळ, पण ह्या माणसात तरी कुठे आहे? दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही 'चांगलं केलंस' म्हटलं नव्हतं. तुकडा हातात घ्यायचे, गालाला लावून बघायचे आणि ठेवून द्यायचे. परत दिला नाही म्हणजे चांगला, एवढंच समजून घ्यायचं.

त्या शनिवारी मात्र मला ती पट्टी दिसली आणि वाटलं, ही तर माया. रेघेबाहेर राहिलेलं जास्तीचं. मामंजींच्या हातून चुकून का होईना, सुटली आहे. मी कानस घेतली, मग खरखरीत पॉलिशपेपर, मग मऊ. संध्याकाळपर्यंत कान रेघेबरहुकूम राखाडी झाला. सोंडेवर अशीच एक पट्टी होती, पोटाखाली दोन, शेपटीपाशी एक, जवळजवळ प्रत्येक तुकड्याला कुठे ना कुठे होतीच. सगळ्या घासल्या. मग चपडा दिला. रात्रीपर्यंत वाळल्यावर तुकडे जोडून पाहिले तर एकेक अलगद आपल्या जागी जाऊन बसला, जोरच लावावा लागला नाही. मला आनंद झाला. माझ्या अकलेची धाव बघा, ते सहज बसतायत ह्याचा मला आनंद झाला.

मामंजींचे डोळे जात होते, हे मला दिवाळीनंतर कळलं. चुकांच्या डब्यात, म्हणजे बारीक खिळ्यांच्या डब्यात हो, तळाशी मला डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली होती. त्यावर मिरजेच्या दवाखान्याची चिठ्ठी. मग लक्षात यायला लागलं. ठेवलेला चहा त्यांना दिसत नव्हता, वास आल्यावर ते हात पुढे करायचे. वर्षभरात त्यांना मिरजेत पाच साखरपुडे लागले, एवढे पाव्हणे आमचे मिरजेत नव्हतेच. मी बाटली होती तिथे ठेवून दिली.

आमच्या ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये अशीच माझी धडपड होती. हे साखर कारखान्यात क्लार्क. माणूस वाईट नव्हे, पण दुकानाच्या बाबतीत त्यांचं ठरलेलं होतं. एक झेरॉक्सवाला गाळा भाड्यानं मागत होता. "आबांना झेपतंय तोवर चालू दे," हे म्हणायचे, "हाताडोळ्यानं जरा दगा दिला की शटर खाली. बोट गेलं म्हंजे कोण निस्तरणार?" मशीन बंद झालं असतं तर मामंजी ओट्यावर बसून राहिले असते, आणि मी परत आत. म्हणून तो कान मी घासला. मामंजींसाठी घासला, आणि माझ्यासाठीही.

रविवारी सकाळी घोरपडे बाई आल्या. त्यांची नवी बालवाडी शुक्रवारी सुरू होणार होती, हत्ती त्यांचाच. सुट्टी म्हणून हेही दुकानात येऊन उभे होते.

आमच्याकडे माल देण्याची एक पद्धत होती. चित्र जोडून टेबलावर ठेवायचं आणि मामंजींनी त्याचा एकच तुकडा चिमटीत धरून वर उचलायचा. त्याला धरून सगळं चित्र अख्खं वर यायचं, वाऱ्यावर टांगल्यासारखं. पोरं टाळ्या वाजवायची, मोठी माणसं आ वासायची. मामंजी वर्षात जेवढे म्हणून हसायचे तेवढे त्या एका क्षणाला.

"बघा हं बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी हत्तीचा कान धरून उचलला.

कान हातात आला. हत्ती टेबलावरच राहिला.

मामंजींनी बोटांनी चाचपून कान परत बसवला आणि सोंड धरली. सोंड आली. मग दोन्ही हातांनी चित्र जरा हलवलं, तर चोवीसच्या चोवीस तुकडे खुळखुळले.  मामंजींनी कान गालाला लावला. नंतर त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कडा कोनी घासल्या?"

खरं सांगायचं तर माझ्या तोंडाशी आलं होतं, तुम्ही वाकडं कापलंत म्हणून. हे शेजारीच उभे होते. तेवढं एक वाक्य, आणि सगळं खापर माझ्यावरून उतरलं असतं.

"मी घासल्या," मी म्हणाले.

"तुला सांगितलं होतं ना आबांनी?" हे म्हणाले. "शैला, अगं दोन वर्षं काय शिकलीस तू?" मग बाईंकडे वळून, "माफ करा हं बाई. आता हे बंदच करायचंय आम्हाला. वय झालं त्यांचं."

"बाई," मामंजी म्हणाले, "हत्ती गुरुवारी मिळंल."

"गुरुवारी संध्याकाळी मिळाला तरी चालेल मला," घोरपडे बाई म्हणाल्या.

"आणि नाही मिळाला तर?" ह्यांनी विचारलं.

मामंजींनी कमरेची दुकानाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "तर ही तुझी. काय उघडायचं ते उघड."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती, दुसरं काय.  ज्या शटरसाठी मी तो उद्योग केला होता, ते माझ्याच हातानं निम्मं खाली आलं होतं.

जेवणानंतर हे झोपले आणि मामंजींनी मला दुकानात बोलावलं. त्यांनी टेबलावर दोन तुकडे ठेवले होते. एक कान, एक झूल.

"लाल दिसलं म्हनून घासलंस?"

"हो. रेघेच्या बाहेर राहिलं होतं."

"म्हंजे माया."

"हो."

"आता हा झुलीचा तुकडा बघ. ह्याच्या कडंला काय रंगवलं हुतंस तू?"

"लाल पट्टा. त्याला पिवळी किनार."

"हाय का?"

मी पाहिलं. झुलीच्या त्या बाजूला किनार नव्हती. लाल पट्टाही अर्धाच होता.

"कुठं गेली?" मामंजींनी विचारलं.

मी म्हणाले, "कानावर."

"आन् कानावरची?"

 ती मी घासून टाकली होती. तिचा भुसा काल मीच झाडून भरला होता.

"म्हंजे ती ह्याचीबी ऱ्हायली न्हाई आन् त्याचीबी न्हाई," मामंजी म्हणाले. "कापडाचं येगळं असतं बाय. तिथं दोन तुकडं दोनदा कापत्यात आन् मग शिवत्यात. हितं पातं एकदाच जातं. एक काप, दोन कडा. पातं वाकडं गेलं तर दोघांचं वाकडं जातं. ह्याचं जेवढं वाढलं तेवढंच त्याचं कमी झालं. म्हनून तर बसतं. ह्यात माया नसते म्हनून सांगितलं हुतं न्हवं?"

"म्हणजे रेघ चुकली तरी..."

"चुकली तर चुकू दे की. चाळीस वर्सं मी काय सरळ कापत हुतो व्हय? कानाला झुलीचा रंग लागला म्हनून हत्ती रडला असता का?"

मला रडू यायला लागलं. मी त्या माणसाची चूक झाकायला निघाले होते आणि चूक नव्हतीच. होती ती माझी एकटीची.

"मला वाटलं, तुमच्या डोळ्यांमुळे..." बोलून गेले आणि जीभ चावली.

 बाहेर मंडईत कुणीतरी पाट्या आपटून रिकाम्या करत होतं. मग मामंजींनी विचारलं, "डोळ्यांचं कुनी सांगितलं?"

"चुकांच्या डब्यात बाटली होती."

"उत्तमला सांगितलंस?" उत्तम म्हणजे आमचे हे.

"नाही."

"सकाळी सांगायचं हुतंस. तुझ्यावर आलं नसतं."

"तुमच्यावर आलं असतं."

त्यांनी कान आणि झूल एकमेकांना जोडली, परत सोडवली, परत जोडली. मधली फट बोटानं चाचपली. "काचबिंदू हाय," ते म्हणाले. "डाक्टर म्हनतो, गेलं ते परत येत न्हाई. ऱ्हायलंय तेबी जानार. कडंकडंनं जातंय. समोरचं तेवढं बोगद्यातनं बघितल्यागत दिसतं." मग त्यांनी खुर्ची मागे सारली. ती मशीनची खुर्ची होती, तिच्यावर त्यांच्याशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. "बस."

"मी? मामंजी, मला..."

"घासायला डोळं लागत न्हाईत. कापायला लागत्यात. बस."

सोमवारी दुपारपर्यंत मी सात पाती मोडली. आठवं मोडल्यावर मामंजी म्हणाले, "तू पात्याला वळवाय बघतीस. पातं जागचं हलत न्हाई. लाकूड फिरव." आणि मला एकदम आईची शिलाई मशीन आठवली. सुई जागेवरच असते, बाही आपण फिरवायची असते. हे तर माझ्या हातात होतं. त्यानंतर पातं मोडलं नाही. रेघ मात्र मला काही केल्या पाळता येईना, पातं कधी इकडे जायचं, कधी तिकडे. मी थांबले की मागून मामंजी म्हणायचे, "थांबू नको. चुकलीस तर तशीच पुढं जा. मागं फिरून कापलंस तर फट पडंल."

सकाळी हे कारखान्यात गेले की आम्ही सुरू करायचो आणि ह्यांच्या यायच्या वेळेला मी घासायच्या पाटावर जाऊन बसायची. मंगळवारी रात्री मी नवा हत्ती रंगवला, बुधवारी तो कापला. मामंजींनी घासला. मी शेजारी बसून पाहत होते. पाठ, तोंड, मग कडेवरून पॉलिशपेपराची नुसती घडी फिरवायची, कूस मोडेपर्यंत. मग गालाला. एका तुकड्याला ते तीनतीनदा गाल लावत होते. सोंडेचा तुकडा त्यांनी माझ्याकडे दिला. "बघ, काय लागतंय का?" मी गालाला लावला. गुळगुळीत होता. "नाही," म्हणाले. "मग खरं," म्हणाले ते. माझ्याच्यानं तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी घोरपडे बाई आल्या. हेही मुद्दाम लवकर आले होते. किल्ली रविवारपासून टेबलावर होती तिथेच होती, कुणी हात लावला नव्हता.

हत्ती टेबलावर मांडला. मामंजी पुढे झाले नाहीत. "शैला, तू उचल," ते म्हणाले.

"मी?"

"तू कापलास, तू उचल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "हिनं कापला?"

"व्हय. मला दिसत न्हाई, उत्तम." मामंजी हे अगदी बाजारभाव सांगावा तसं म्हणाले. "दिवाळीच्या आधीपासनं. काचबिंदू हाय. आता मशीनवर ही बसंल, घासायचं मी बघीन. हत्ती वर आला न्हाई तर किल्ली हितंच हाय."

 मला वाटतं ह्यांना राग आला होता, आणि रागाच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं, ते त्यांना धड आवरत नव्हतं.

मी कान धरला.  उचलला, तर आधी झुलीचा तुकडा उठला, मग पोट, मग सोंड. हत्ती टेबलावरून सुटला. शेपटीचा तुकडा जरासा कलला, लोंबला, आणि तसाच धरून राहिला. 

"आला?" मामंजींनी विचारलं.

"आला, आबा," हे म्हणाले. मी नाही, हे म्हणाले.

घोरपडे बाईंनी हत्तीकडे निरखून पाहिलं. "कानाला हे लाल काय लागलंय हो?" माझी पट्टी मामंजींच्या पट्टीच्या दुप्पट होती.

"झूल घासती न्हवं कानाला," मामंजी म्हणाले. "रंग लागनारच."

ह्यांनी किल्ली उचलली.  त्यांनी ती मामंजींच्या हातात दिली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना एक ट्यूबलाइट घेऊन आले, मशीनच्या वर लावली आणि मला म्हणाले, "अंधारात कापू नकोस. एका घरात दोन आंधळी नकोत मला."

यानंतर मशीन माझं झालं ते आजतागायत. अजूनही माझी रेघ सरळ जात नाही. पूर्वी मला त्याची लाज वाटायची, हल्ली वाटत नाही.

मामंजींची नजर पुढे सहा वर्षांत पूर्ण गेली. त्यानंतरही ते बरीच वर्षं घासत होते, गालाला लावून बघत होते. पण मला सांगायचंय ते त्यांच्या शेवटच्या वर्षातलं. हात थकले होते, घासणं थांबलं होतं. सकाळी ओट्यावर उन्हात बसायचे. करमावं म्हणून मी त्यांच्यासाठी एक मोर केला, सोळाच तुकड्यांचा. माझ्या आजवरच्या कामात सगळ्यात घट्ट, एका पिसाला धरून उचलला तर अख्खा येईल असा. घासलाही मीच. तुकडे त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवले आणि आत कामाला गेले.

तासाभरानं आले तर पाटावर जेमतेम दोन तुकडे जोडलेले होते, तेही तिरपे अडकलेले. मोराची मान त्यांच्या हातात होती. कुठे बसवायची ते त्यांना बोटांनी कळत होतं, पण काप इतका नेमका होता की जरा कमीजास्त धरलं तरी तुकडा आत जायला तयार नव्हता. बोटं थरथरत होती.

"चांगलं केलंयस," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले, आणि मान पाटावर ठेवून दिली. "पन हे ठेव. माझा हत्ती आन."

"कुठला हत्ती?"

"तू घासलेला. फळीवर हाय, खालच्या. रोज तोच घेतो मी, तू मंडईत गेलीस की."

मी तो मोडीत काढला असं समजत होते. खालच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला चोवीस तुकड्यांचा तो हत्ती मी बाहेर काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी कान उचलला, चाचपला, झुलीशी नेला. जरा वाकडा धरला होता, थरथरतही होता, तरी तो सरकत सरकत आपल्या जागी जाऊन बसला. मग पोट. मग सोंड.

"हा बसतो," मामंजी म्हणाले. "ह्यात माया हाय."